तिसऱ्या रॉडचा आवाज

नाना,

तुमची बायको आणि तुमची नात आत्ता धुळ्याहून निघून दहिवेलच्या पुढं, कोंडाईबारीच्या घाटाच्या तोंडाशी कुठंतरी असतील. दोघी एका जुन्या पिकअपच्या केबिनमध्ये बसल्यात. एक शालू नेसलेली नवरी, दुसरी तिची पाठराखीण म्हणून निघालेली ऐंशीच्या घरातली म्हातारी. गाडी जावईबापू चालवताहेत आणि मागं हौद्यात त्यांची चारदोन पोरं-पाहुणे, झेंडूच्या माळांत बसलेत. त्या गाडीचं इंजिन मी बांधलंय, आणि त्याचा आवाज मला धड ऐकू आलेला नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण हार घातलेल्या फोटोतला बाप कुणाला सांगायला जात नाही. गॅरेजचं अर्धं शटर ओढून घेतलंय. मांडववाले तिकडं खांब उपटताहेत, घरातली बायकामंडळी भांडी मोजून परत करताहेत, आणि मी तुमच्या स्टुलावर बसून समोरच्या रिकाम्या तेलाच्या डब्याकडं बघतोय. डब्यावर मोबाइल ठेवलाय. तो वाजला तर मला कळणार नाही, पण डबा थरथरेल, ते दिसेल. म्हणून एक ओळ लिहितो आणि मान वर करतो.

गाडी तुमच्या ओळखीची आहे. लष्कराच्या लिलावातून आलेली, गोल नाकाची, पेट्रोलवरची अमेरिकन पिकअप. साक्रीकडच्या त्या शेतकऱ्यानं ती भुईमुगाच्या ट्रकमागं दोरानं बांधून आपल्या दारात आणली होती, ते मला काल घडल्यासारखं आठवतं. तुम्ही बॉनेट उघडण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारलीत आणि म्हणालात, "हाई मरेल नही. झोपेल शे." मग त्या झोपलेल्या गाडीला उठवायला पुढचे कितीतरी दिवस आपण दोघं तिच्या पोटाखाली. त्या इंजिनात आजच्यासारखी पेटीतून काढून बसवायची बेअरिंग नव्हती. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या डोळ्यात पांढरा धातू वितळवून ओतायचा, तो थंड झाला की घासून, क्रँकवर नीळ लावून, जिथं नीळ उठेल तिथं पुन्हा घासून बसवायचा. तुम्ही कोळशाच्या शेगडीवर धातू ठेवायचात आणि त्यात तुरीची वाळकी काडी, तुराटी, बुडवून बघायचात. तुराटी तपकिरी झाली म्हणजे धातू तयार. काळी पडली म्हणजे जळाला. तशीच राहिली म्हणजे अजून गार आहे. मी पळी धरायचो. माझा हात कापायचा आणि तुम्ही ओरडायचात. सगळं आपटून-धोपटून सांगायची तुमची रीत. समोरच्या चहावाल्यालाही कळायचं की आज माझ्या हातून काय चुकलंय.

ओतलेल्या धातूनं रॉडला नीट धरलंय की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. तो वरून गुळगुळीतच दिसतो. गार झालेल्या भांड्यातून ओतला असेल तर आतून सुटा राहतो, आणि एक दिवस भार पडला की पापुद्रा निघावा तसा निघून येतो. म्हणून तुमची एक परीक्षा होती. रॉड सुतळीला टांगायचा आणि छोट्या हातोडीनं हलकेच ठोकायचा. खणखणीत वाजला तर धातूनं धरलं. भद्द वाजला तर सगळं पुन्हा वितळवायचं. तुम्ही तेव्हा डोळे मिटायचात. देवळातली घंटा ऐकावी तसा चेहरा व्हायचा तुमचा, आणि मग तुम्ही नुसती मान हलवायचात, हो किंवा नाही. मला ती परीक्षा फार आवडायची, कारण त्या वेळी तुम्ही गप्प असायचात.

तीच गाडी पुन्हा आपल्या दारात आली, कारण आपली पोर त्याच शेतकऱ्याच्या घरात दिलीय आणि त्या घराची एक रीत आहे. गाडी आल्यापासून त्या घरात आलेली प्रत्येक सून याच पिकअपमधून आली. आधी घाट उतरून पायथ्याशी कुलदैवताला जायचं, मग परत चढून गावात, आणि मगच माप ओलांडायचं. गाडी बरीच वर्षं खळ्यात पडून होती. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, क्रँकवर चरे पडलेले, एका रॉडचा पार तुकडा पडलेला. लग्न ठरल्यावर व्याही स्वतः आले, चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "हाई गाडी तुम्हना बापनी उभी करेल शे. आते तुम्हीच करा." नाना, मुलीच्या बापानं यावर काय बोलायचं? सुपारी फुटलेली होती. मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला अभिमानही वाटला. दारापुढून सगळ्या नव्या गाड्या जाताहेत, पोरं लॅपटॉप लावून दुरुस्त करतात, आणि कुणीतरी अजून तुमच्या हाताची आठवण धरून माझ्या दारात येतंय.

मी मनापासून काम केलं. क्रँक पोत्यात गुंडाळून जळगावला नेला, तिथल्या एका जुन्या लेथवाल्याकडं घासून घेतला. रिंगांसाठी आणि तुटलेल्या रॉडसाठी फैजपूरला गेलो. तिथं एका केळीवाल्याच्या गोठ्यामागं तसलीच एक मेलेली पिकअप होती, तिच्या पोटातून रॉड काढून आणला. सिलेंडर तयार केले, व्हॉल्व्ह घासले, तुमचीच पळी आणि तुमचंच भांडं काढून धातू ओतला. तिसरा रॉड, म्हणजे तो फैजपूरचा, सगळ्यात शेवटी ओतला. तोवर शेगडी मंदावली होती. तुराटी बुडवून पाहिली तेव्हा ती तपकिरी झाली की नुसती पिवळट, यावर आता माझंच माझ्याशी भांडण चाललंय. मग रॉड टांगून ठोकला. हातोडी लागलेली दिसली. सुतळी हललेली दिसली. आवाज आला नाही.

आवाज आला नाही म्हणजे मला आला नाही. माझे कान जाऊन आता बराच काळ झालाय, नाना. एकदम गेले असते तर निदान बोंब तरी मारली असती. ते हळूहळू गेले. आधी कुकरची शिट्टी गेली, मग पाखरं, मग फोनवरची माणसं. एकदा चेन-पुलीला इंजिन टांगलेलं असताना साखळी सरकली आणि कामावरचा माणूस जिवाच्या आकांतानं "भाऊ, सरका!" ओरडत होता म्हणे. मी त्याच्याकडं पाठ करून पाना शोधत होतो. त्यानं ओढलं म्हणून वाचलो, आणि उलट त्यालाच शिव्या दिल्या की अंगाला हात का लावतोस. त्या दिवसापासून मी कुठंही पाठ भिंतीला लावूनच उभा राहतो. रस्ता ओलांडताना भीती, कामाला खाली शिरताना भीती, गिऱ्हाईक काही विचारून गेलं आणि मी भलतंच उत्तर दिलं असेल ही भीती. आणि या सगळ्यांच्या वर बसलेली एकच भीती, की हे बाहेर फुटलं तर पोरीच्या लग्नाचं काय होईल. मुलगी बघायला येतात तेव्हा सोयरे काय काय विचारतात ते तुम्हाला माहीत आहे. घरात कुणाला काही आहे का, बापाला काही आहे का, आज्याला होतं का. तेव्हा मी हसत, माना हलवत, ओठांकडं बघत निभावून नेलं.

रॉडला बोटं लावून पुन्हा ठोकलं. बोटांत झिणझिण्या आल्यासारखं वाटलं. तेवढ्यावर धरलाय असं ठरवलं आणि बसवून टाकला. बाकीच्या परीक्षा हाताच्या होत्या, त्या सगळ्या उतरल्या. रॉड आडवा धरून सोडला तर आपल्या वजनानं हळूहळू खाली आला. हँडल लावून इंजिन हातानं फिरवलं तर जड पण सारखं फिरलं. इंजिन सुरू केलं तेव्हा जावईबापू शेजारी उभे होते. त्यांचे ओठ म्हणाले, "पप्पा, शिलाई मशीनसारखं चालतंय!" मी हसलो. त्यांना बिचाऱ्यांना शिलाई मशीन कधी बिघडतं तेही ठाऊक नसावं.

मग हळदीच्या दिवशीची गोष्ट. स्वयंपाकघरात बायकांचा गलका, खापरावर मांडे चालले होते आणि मी दारात उभा राहून कशावरून तरी ओरडत होतो. तूप कुठंय, भटजींचं ताट कुठंय, असंच काहीतरी. बायका एकदम गप्प झालेल्या दिसल्या. तेव्हा आई चुलीपुढून उठली. गुडघ्यावर हात ठेवत माझ्यापर्यंत चालत आली, अगदी समोर येऊन उभी राहिली, आणि बोलण्याआधी तिनं तोंडावरचा पदर हनुवटीखाली ओढला. नाना, आईला चारचौघांत तोंडावरचा पदर खाली घेताना मी फक्त तुमच्यासमोर पाहिलंय. चुलत्यांपुढं, पाहुण्यांपुढं ती ओठ झाकूनच बोलायची. आणि तुमच्याशी बोलायचं असलं की हातातलं काम टाकून समोर यायची, पदर खाली घ्यायची आणि मग तोंड उघडायची. आम्ही पोरं त्यावरून तिला चिडवायचो. जेवताना तुम्ही मान खाली घालून बसायचात, आणि भाकरी हवी का विचारायला ती तुमच्या ताटाशेजारी जमिनीवर उलथणं टेकवायची. तुम्ही वर बघायचात, ती बोट दाखवायची, तुम्ही हो म्हणायचात. मला वाटायचं, केवढा दरारा आहे या माणसाचा, बायको तोंडानं विचारायलाही भिते.

त्या दिवशी मला हाताला धरून तिनं कोठीत नेलं, दार लोटलं आणि हळूहळू, ओठ पुरते हलवत म्हणाली, "तुना बाप बी आसाच वरडे. तो राग नव्हता. त्याले आयकाले येत नव्हतं." मी म्हणालो, कधीपासून? "तू हाताखाले उना, तवढामाच. कोनले सांगू नको, आसं सांगेल व्हतं त्यानी माले. आक्कानं लगीन व्हवानं व्हतं." म्हणजे मी हाताखाली आलो तेव्हापासून, आणि माझ्या बहिणीच्या लग्नापायी लपवलेलं. मग माझ्या गालावर तिचा तो मांड्याच्या पिठाचा हात फिरवून म्हणाली, "आते पोरनं लगीन व्हई जाऊ दे. मंग सांग."

त्या रात्री... नाही, रात्रीचं सोडा, झोप कुणाला येणार होती. मी तुमच्याबद्दलची एकेक गोष्ट पुन्हा उलटून बघायला लागलो. तुम्ही माझ्या अंगावर पहिल्यांदा जोरात ओरडलात तो दिवस. एका जीपच्या इंजिनात ठोका होता. मी बेअरिंगच्या टोपीखालची एक पितळी पट्टी जास्तच काढून टोपी आवळली, ठोका बंद झाला, आणि मी मोठ्या तोऱ्यात तुम्हाला म्हणालो की बघा, आवाज गेला. तुम्ही आवाज ऐकलाच नाहीत. हँडल घेतलंत, फिरवलंत, ते अडलं, आणि तुम्ही ड्रायव्हरसमोर माझी सालटी काढलीत. "आवाज गया म्हंजे दुखनं गयं आसं नही रे!" ड्रायव्हर हसत होता आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. वर्षानुवर्षं मी ती गोष्ट लोकांना तुमच्या कडक शिस्तीची म्हणून सांगितली. तुम्ही हँडल का फिरवलंत, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नाही. तुमच्याकडं तेवढंच उरलं होतं.

आणि तो लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर. आधी तुम्ही त्याचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायचात, सगळे मिस्त्री लावतात तशी. नंतर नंतर तुम्ही मूठ दातांत धरायला लागलात. वाकून, डोळे मिटून, दात रोवून. ट्रकवाले खो खो हसायचे, "नाना इंजन खाई ऱ्हायनात!" तुम्हीही हसायचात, म्हणजे त्यांचे दात दिसले की हसायचात. मग एक दिवस तुम्ही तो माझ्या हातात दिलात. "आते तू आयकत जाय. मी थकी गवू." मला आभाळ ठेंगणं झालं. वाटलं, बापानं माझा कान मानला. मी घरी जाऊन आईला सांगितलं, आणि ती पदराला डोळे पुसत उठून गेली. तेही मला तेव्हा आनंदाचंच वाटलं. आता कळतंय की दातांतूनही यायचं बंद झालं असेल तुम्हाला. त्यानंतर कुठल्याही गाडीला ठीक आहे म्हणताना तुमचं काय होत असेल? घाटात जाणाऱ्या गाड्या होत्या सगळ्या. माणसं भरून जायची. तुम्ही संध्याकाळी दारात उभे राहून रस्त्याकडं बघत राहायचात आणि मी समजायचो, नाना हवा खात उभे आहेत.

आज सकाळी, नवरा मुलगा पारावर बसलेला असताना, मी गॅरेजमध्ये आलो. गाडीला माळा बांधून झाल्या होत्या. मी इंजिन सुरू केलं, गरम होऊ दिलं, तो स्क्रू-ड्रायव्हर शोधून काढला, टोक ब्लॉकला लावलं आणि मूठ दातांत धरली. नाना, आवाज आला! कवटीत आला. किती दिवसांनी इंजिन माझ्या डोक्यात बोललं, आणि मला आधी रडूच फुटलं. मग मी एकेका जागी टोक ठेवत गेलो. पहिल्याला खळखळ पाणी वाहावं तसं सारखं. दुसऱ्याला तसंच. तिसऱ्याला टोक ठेवलं आणि रेस सोडली तेव्हा मधेच काहीतरी वेगळं आलं. ठोका म्हणावा तर फार बारीक. पिस्टनची चाळवाचाळव म्हणावी तर फार नेमकं. दातांनी मी आयुष्यात कधी ऐकलेलं नाही. चांगलं इंजिन दातांत कसं लागतं तेच मला ठाऊक नाही, तर वाईट कसं ओळखू? तुमची एक युक्ती आठवली, त्या सिलेंडरच्या प्लगची वायर काढायची आणि ठोका मरतो का बघायचं; मेला तर दुखणं त्याच रॉडचं. वायरला हात घातला, तेवढ्यात कुणीतरी खांद्यावर थाप मारली. व्याही. मुहूर्त झालाय, चला. बाहेर बँडवाल्यांचे गाल फुगलेले दिसत होते. मी इंजिन बंद केलं, हात पुसले आणि अक्षता टाकायला गेलो.

त्यानंतर मला बोलायला वेळ मिळाला नाही असं मी म्हणू शकेन. पण मिळाला होता. जेवणावळीत मिळाला, ओटी भरताना मिळाला, आई केबिनमध्ये चढत होती तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. काय सांगणार होतो? थांबा, माझ्या दातांना काहीतरी वाटतंय? त्यातला एक शब्द उच्चारला की मागचं सगळं सांगावं लागलं असतं, माळा घातलेल्या गाडीपुढं, दोन गावांच्या देखत. मी जावईबापूंना एवढंच म्हणालो की उताराला खालचा गिअर ठेवा. पोर गळ्यात पडून रडली. ती कानाशी काहीतरी बोलली, ते माझ्या खांद्यावर नुसतं गरम गरम लागलं. काय बोलली ते मला माहीत नाही. गाडी निघाली, वळली, आणि मी हात हलवत राहिलो.

आता तुम्हाला वेगळं सांगायला नको की उतारावर ब्रेकपेक्षा इंजिनच गाडीला धरून ठेवतं. सगळा भार त्या रॉडांवर येतो. तिसऱ्यानं धातू सोडला तर रॉड मोकळा होऊन ब्लॉक फोडून बाहेर येईल, नाहीतर क्रँकला गच्च धरून बसेल आणि मागची चाकं जाम होतील. घाटात एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला सुरतेकडचे ट्रक. मघाशी डबा हलला असं वाटून मी उठलो, तर माझाच गुडघा त्याला लागला होता. आई बोलत असेल का काही? तिला गाडी लागते. पोरीला मी चालवायला शिकवलं होतं तेव्हा तिला म्हणालो होतो, इंजिनाचा आवाज बदलला की आधी बाजूला घे, मग विचार कर. तिनं ते लक्षात ठेवलं असेल का? शालू सावरत बसलेल्या नवरीनं गाडी थांबवा म्हणायचं तरी कसं?

डबा हलतोय.

नाना, परत बसलो लिहायला. शेजारचा गॅरेजवाला गाडीत तेल भरून आणतोय, तेवढा वेळ आहे.

नुसता फोन नव्हता, चेहरा दिसतो तसला होता. उचलला तर पडद्यावर आधी झाडं आली, मग आकाश, मग पोर. पायथ्याला, देवळापाशी. मागं दुसऱ्या गाड्यांतून आलेली व्याह्यांची माणसं, भोवती सासरच्या बायका, आणि तिच्या डोक्यावरून आलेला, ओठांवर धरलेला नव्या नवरीचा पदर. तिनं मोबाइल तोंडासमोर आणला आणि त्या सगळ्यांच्या देखत तो पदर खाली ओढला. पुरतं तोंड उघडून, एकेक शब्द ओठांवर ठेवत म्हणाली, "पप्पा, उतरलो. नीट उतरलो. दिसतंय का माझं बोलणं?" तिच्या खांद्याआडून आई डोकावत होती. तिचाही पदर हनुवटीखाली. म्हातारीनं शब्द पाळला होता, लग्न होईपर्यंत थांबली आणि धुळं सुटल्यावर वाटेत नातीला सांगून मोकळी झाली.

मला वाटलं होतं, त्या उतरल्या म्हणजे मी सुटेन. पण गाडी अजून तो घाट परत चढायची आहे. चढाला भार जास्त, हौद्यात माणसं, आणि हँडब्रेक तर नावालाच. पोर हसत होती. मी तिला मधेच तोडलं आणि सांगून टाकलं. मला ऐकू येत नाही हे तिला कळलं होतंच. मी उरलेलं सांगितलं, की रॉड ठोकला तेव्हाही ऐकू आलं नव्हतं. तिसरा रॉड. सकाळी काहीतरी लागलं होतं आणि मी बोललो नाही. गाडी वर आणू नका, इंजिनही सुरू करू नका, मी येतोय. किती जोरात बोललो मला कल्पना नाही. मांडववाले खांब हातात धरून उभे राहिले होते आणि घरातनं बायका बाहेर आल्या होत्या. म्हणजे आता सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

पडद्यावर पोरीचं हसू गेलं. तिनं मान वळवली, कुणाशी तरी बोलली, बराच वेळ बोलली. मला फक्त तिची वेणी दिसत होती आणि मागं व्याह्यांचं, तिच्या सासरच्या आबांचं, तोंड. ते तोंड मला वाचता येईना, कारण ते हलतच नव्हतं. मग ती पुन्हा समोर आली. "आबा म्हणतात, सून याच गाडीतून घरी जाईल. तुम्ही या आणि उघडून बघा. तोवर सगळे इथंच बसतो. घरी माप उंबऱ्यावर ठेवलंय ते राहू दे म्हणतात." मी म्हणालो, रागावलेत का? ती मागं बघून म्हणाली, "हो."

तेव्हा जातोय. जॅक, पाने, तेलाचा डबा पिशवीत भरलाय. झाडाखाली ताडपत्री टाकून इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उघडीन, तिसऱ्याची टोपी काढीन, आणि सगळ्या वऱ्हाडासमोर धातूला बोट लावून बघीन. सुटला असेल तर तसं सांगीन. धरलेला असेल तर पुन्हा बांधून, इंजिन सुरू करून, तुमच्यासारखा वाकून दात रोवीन आणि मग पोरीला चढ म्हणीन. भीती अजून तेवढीच आहे. उलट आता त्यात लाजही मिसळलीय. पण पोर घाटात नाही, पायथ्याशी सावलीत बसलीय. तेवढं पुरे.

हे पत्र इथंच, तुमच्या धातूच्या भांड्याखाली ठेवून जातो. एक गोष्ट राहिली. त्या स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीवर एका अंगाला तुमच्या दातांच्या खुणा आहेत, खोल. लोकांना मी सांगत आलो की उंदरानं कुरतडलंय. आज सकाळी मूठ तोंडात घेताना मी ती फिरवून घेतली होती, कोऱ्या बाजूनं. तुमच्या खुणांत माझे दात नेमके बसले तर, याची मला भीती वाटली.